बिनखर्र्याचं रक्त

"खर्रा नाई, बिडी नाई, दारू नाई, नवरा नाई. माह्यापेक्षा स्वच्छ रक्त तुले साऱ्या चांदा जिल्ह्यात भेटन का, सिस्टर?"

हे वाक्य अर्धवट उघड्या दारातून बाहेर आलं तेव्हा मी कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर प्रोजेक्टची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. आतून कुणीतरी हसलं. मग तोच आवाज म्हणाला, "हसू नोको, सुई हालते."

मला आत बोलावलं तेव्हा प्राणिशास्त्राच्या खोब्रागडे मॅडम खुर्चीत बसलेल्या होत्या. डावी बाही वर सरकवलेली, दंडाला रबरी पट्टी, आणि आरोग्य केंद्रातून आलेल्या सिस्टर त्यांचं रक्त काढत होत्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलंच नाही.

"तूच का ती प्रोजेक्टवाली? रक्त पाहून चक्कर येते का तुले?"

मी मान हलवली.

"बोलत नाई का?"

मी पुन्हा मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.

"चांगलं हाय," मॅडम म्हणाल्या. "पेशींले गलबला चालत नाई. सोमवारपासून ये."

एवढीच माझी मुलाखत झाली. माझ्या न बोलण्याला कुणी चांगलं म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

आम्ही मूळचे नाशिककडचे. बाबांच्या कोळसा खाणीतल्या नोकरीमुळे चंद्रपूरला, इथल्या तोंडी चांद्याला, आलो. मी कॉलनीतल्या इंग्रजी शाळेत शिकले, तिथे सगळे माझ्यासारखेच कुठून कुठून आलेले होते. त्यामुळे या गावात इतकी वर्षं राहूनही इथलं बोलणं माझ्या कानावर लांबून पडलं होतं, रेडिओ शेजारच्या घरात लागावा तसं. मॅडमच्या खोलीत ते पहिल्यांदा जवळून ऐकलं. वर्गात त्या स्वच्छ पुस्तकी मराठीत शिकवायच्या, मध्ये इंग्रजी. पण मागच्या खोलीत आल्या, चपला काढल्या, पांढरा कोट चढवला, की त्यांच्या तोंडी आरमोरीकडचं गाव यायचं. "पोरी, पानी तापव. गजूभाऊ, दार लावा बाप्पा, धूळ येऊन राह्यली."

ती खोली प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या अंगाला होती, बरण्यांत बुडवलेल्या सापांच्या कपाटांपलीकडे. कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीनंतर एसी होता तो फक्त इथे, आणि तो आमच्यासाठी नव्हता. माणसाच्या पेशी वाढवायच्या तर त्यांना शरीराइतकी ऊब लागते. इतर गावांत त्यासाठी पेटी गरम ठेवतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात ती गरम होऊ नये म्हणून धडपडावं लागतं. "बाहेर आपन भाजून राह्यलो आन हे साहेब मस्त सावलीत," असं मॅडम पेटीच्या काचेतून आत बघत म्हणायच्या. सकाळी आल्यावर आमच्याशी बोलायच्या आधी त्या पेशींशी बोलायच्या.

त्यांचं काम ऐकायला विचित्र वाटतं. दातातला खड्डा बुजवायला डॉक्टर जो पांढरा मसाला भरतात, तो निळा उजेड पाडला की कडक होतो. तो कडक व्हावा, टिकावा, दाताच्या रंगाला जुळावा म्हणून त्यात आणखी काही पदार्थ थोडे थोडे मिसळलेले असतात. पण सगळाच्या सगळा मसाला काही कडक होत नाही. उरलेलं थोडंसं लाळेत उतरतं. ते थोडंसं माणसाच्या पेशीतल्या गुणसूत्रांना मोडतं का, एवढा एकच प्रश्न मॅडम विचारत होत्या. नागपूरचे दातांचे एक डॉक्टर असे पदार्थ छोट्या बाटल्यांमधून पाठवायचे. आम्ही रक्तातल्या पेशी वाढवायचो, त्यांत तो पदार्थ निरनिराळ्या प्रमाणात घालायचो, काही नळ्यांत काहीच घालायचो नाही, आणि मग सगळ्यांतल्या पेशी काचांवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो.

काय बघायचं, हे मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पेशी दोन होण्याच्या बेतात असताना तिला औषध घालून तिथंच थांबवायचं. मग एकाच पेशीत दोन गोल केंद्रकं शेजारी शेजारी दिसतात.

"दोघं भाऊ वेगळे निघाले," मॅडम म्हणाल्या, "पन घर अजून एकच हाय. अशाच वक्ताले पाहा लागते, काय राहून गेलं ते."

मी सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून पाहिलं. दोन मोठ्या जांभळ्या गोलांच्या बाजूला, कडेला सरकून, एक बारका ठिपका होता.

"दिसलं? तो तुकडा तुटलेला हाय. वाटनीत राहून गेलेला. इकडचा बी नाई, तिकडचा बी नाई." मग अगदी त्याच आवाजात, "आमच्या घरच्या वाटनीत माय राहून गेलती. दोघा भावांनी धानाच्या बांधी वाटून घेतल्या, बैलं वाटले, मायचं नावच नाई कोनी काढलं. मी उचलून आनलं चांद्याले."

त्यांनी काच बदलली.

असे बारके ठिपके कुठल्याही निरोगी माणसाच्या पेशींत थोडेफार असतातच. पदार्थ घातल्यावर ते वाढले, तर पदार्थ वाईट. म्हणूनच मोजणाऱ्याला काच कुठली आहे हे माहीत असता कामा नये. मॅडम काचांवरच्या नावांवर कागदी पट्ट्या चिकटवायच्या, पत्ते पिसावे तशा काचा पिसायच्या आणि विचारायच्या, "झाली का आंधळी कोशिंबीर?" मग मी मोजायला बसायची. मोजताना मी "मॅडम, मला वाटतं की" असं सुरू केलं, की त्या हात वर करायच्या. "वाटलं ते नोको सांगू. दिसलं ते सांग."

हे त्या गजूभाऊंनाही सांगायच्या, प्राचार्यांनाही, आणि फोनवर नागपूरच्या डॉक्टरांनाही.

गजूभाऊ आमचे प्रयोगशाळेतले मदतनीस. त्यांच्या शर्टाच्या खिशात खर्र्याची प्लास्टिकची पन्नी नाही असा दिवस मी पाहिला नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आमच्या जिल्ह्यात चहाइतका साधा. आणि तंबाखूने पेशीतले ठिपके आपोआप वाढतात. त्यामुळे मॅडमचा सगळ्यात मोठा प्रश्न विज्ञानाचा नव्हताच, रक्ताचा होता. रक्त देणाऱ्याला विचारायचे प्रश्न त्यांना पाठ होते. तंबाखू? दारू? ताप येऊन गेला का? एक्स-रे काढला का? कुठली गोळी चालू आहे का? पहिल्या प्रश्नालाच कॉलेजातला बहुतेक पुरुषवर्ग गळायचा. एक सर अगदी ताठ उभं राहून "अजिबात नाही" म्हणाले, आणि म्हणता म्हणता सुपारीचा तुकडा टेबलावर पडला. मॅडमनी तो चिमट्याने उचलला, काचेच्या बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "हे तुमचं राह्यलं, सर."

गजूभाऊ एकदा स्वतःहून बाही वर करून आले. "मॅडम, माह्यं घ्या ना रक्त. खर्रा सोडला म्या."

"कवा?"

"आत्ताच. दारात थुकून आलो."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. "जा बाप्पा, तुमच्या रक्तात टाकलं तर तो पदार्थच मरन."

शेवटी दर वेळी मॅडम स्वतःचाच हात पुढे करायच्या. नवा पदार्थ आला की पहिली फेरी त्यांच्याच रक्तावर. त्या पेशींशी गप्पा का मारायच्या, हे मला तेव्हा कुठे कळलं. पेटीत त्यांचीच माणसं होती. घरी तर कुणी नव्हतं.

त्यांची आई मी यायच्या आधीच गेली होती. हे मला गजूभाऊंकडून कळलं. म्हातारी असताना मॅडमचा चार पुडांचा डबा यायचा, म्हणे. तरोट्याची भाजी, अंबाडी, झिंग्याची चटणी, भात. "साऱ्या डिपार्टमेंटले वास येये," असं गजूभाऊ डोळे मिटून सांगायचे. आता दुपारी आम्ही डबे काढले की मॅडम सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता म्हणायच्या, "तुम्ही जेवा. मी जेवून आलो." त्या स्वतःबद्दल "आलो", "जातो" असंच म्हणायच्या, त्यांच्याकडच्या सगळ्या बायांसारखं. गजूभाऊ बाहेर झाडाखाली जायचे. मला स्टाफरूममध्ये बसवत नसे, तिथे सगळे माझ्याकडे बघून "बोला की" म्हणायचे. म्हणून मी मागच्या जिन्यावर बसून जेवायची. मॅडमना हे माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. आम्ही दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना असायचो.

एका रविवारी त्या खोलीच्या किल्ल्या टेबलावर विसरल्या, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बुद्धाची लहान मूर्ती, पुढे ताजं फूल. आतल्या ओट्यावर भांडी घासून, पालथी घालून, आकाराप्रमाणे लावलेली. एखाद्या दुकानात असावीत तशी. कुकरच्या झाकणावर धूळ होती. मॅडमनी दुधाशिवायचा चहा केला, डब्यातून ग्लुकोजची बिस्किटं काढली आणि दोन माझ्यासमोर ठेवली, चार स्वतःच्या बशीत.

"सैपाक मले येत नाई," त्या म्हणाल्या, मी विचारलेलं नसताना. "माय चुलीजवळ येऊच नाई देये. म्हने, धूर तुह्यासाठी नाई, पुस्तक घे. आता या वयात काय शिकाचं? आन एकटीसाठी कुकर लावला का तो लय मोठा वाटते."

बिस्किट त्या चहात बुडवून चमच्याने खात होत्या. जीभ सोलवटल्यासारखी झाली आहे, तिखट लागत नाही, असं म्हणाल्या. मी किल्ल्या ठेवल्या आणि निघाले. जिन्यात थांबून मी काहीतरी बोलायला परत वळले होते. पण दार लागलं होतं.

त्या हिवाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी एक नवा पदार्थ पाठवला. तो मिसळला तर मसाला स्वस्त पडणार होता आणि जास्त टिकणार होता. आश्रमशाळांमधल्या मुलांचे दात फुकट भरून द्यायची त्यांची योजना होती. जिवतीपासून सुरुवात, मग एटापल्ली. मॅडमच्या तपासणीवर सगळं थांबलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, मग आधी तोंडं पाहून येऊ.

जिवतीच्या डोंगरावरच्या शाळेत आम्ही गेलो, ते मी कधी विसरणार नाही. तिथल्या पाण्यामुळे मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आणि पांढुरके डाग. मुली हसताना तोंडावर हात ठेवत होत्या, सगळ्या एकाच पद्धतीने, जणू शाळेत तसं शिकवलं होतं. डॉक्टरांनी मसाला, निळा उजेड, सगळं समजावून सांगितलं. मागच्या रांगेतली एक दुबळीशी मुलगी उठली आणि तिने विचारलं, "तो मसाला गिळला गेला तर काय होते?"

डॉक्टर हसून म्हणाले, "काही नाही होत."

मॅडम उठल्या. "मले माहीत नाई," त्या म्हणाल्या. "पाहतो, आन तुले येऊन सांगतो."

परतीच्या वाटेवर जीपमध्ये डॉक्टर जरा नाराज होते. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. उतरताना त्यांनी माझा खांदा धरला, आणि खाली उतरल्यावरही थोडा वेळ धरूनच ठेवला.

तपासणीच्या दिवशी सिस्टर आल्या, मॅडमनी बाही वर केली, तेच वाक्य झालं, खर्रा नाई, बिडी नाई. रक्त घेताना मॅडम सिस्टरना म्हणाल्या, तुमचं बी थोडं द्या, पेशी वाढवायचं पाणी बरोबर आहे की नाही ते बघायला होईल. सिस्टरनी हसत आपलं बोट पुढे केलं. "बोट नाई, हात," मॅडम म्हणाल्या. सिस्टरच्या पेशींत आम्ही काहीच घातलं नाही. मॅडमच्या पेशींत तो पदार्थ घातला, आणि काही नळ्या तशाच ठेवल्या. काचा तयार झाल्या. आंधळी कोशिंबीर झाली. त्या वेळी मॅडमच्या बोटांतून वरची पातळ काच दोनदा निसटली. बोटांना मुंग्या येतात, त्या म्हणाल्या, थंडी आहे.

मी मोजलं. मग पट्ट्या काढून ताडून पाहिलं. पदार्थ घातलेल्या आणि न घातलेल्या पेशींत फरक जवळपास नव्हताच.

नागपूरहून फोनवर डॉक्टरांचा आनंद मला टेबलाच्या या टोकाला ऐकू येत होता. "म्हणजे निर्दोष! मॅडम, लिहून पाठवा, जानेवारीत सुरू करू."

"पाठवतो," मॅडम म्हणाल्या. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, जिवतीले जाऊन सांगू आता त्या लेकराले."

पण मला चैन पडेना. फरक नव्हता, हे खरं. पण फरक नव्हता तो दोन्हीकडे ठिपके कमी म्हणून नाही. दोन्हीकडे ते खूप होते. न घातलेल्या पेशींतही. गोंगाट आधीच एवढा असेल तर एक आवाज वाढलेला कुणाला ऐकू येणार?

मी आधी स्वतःवरच संशय घेतला. पुन्हा मोजलं. मग पाण्यावर संशय घेतला, पेटीवर घेतला, वीज गेली होती त्या सकाळवर घेतला. पण सिस्टरच्या पेशी त्याच पाण्यात, त्याच पेटीत, त्याच दिवशी वाढल्या होत्या, आणि त्यांच्या काचा स्वच्छ होत्या. मग मी कपाटातली जुनी लाकडी पेटी काढली. तीन वर्षांपूर्वीच्या एका तपासणीतल्या काचा, मॅडमच्याच रक्ताच्या, काही न घातलेल्या. तेव्हा त्यांची आई होती. दोन मोठे जांभळे गोल, शेजारी शेजारी, आणि कडेला काही नाही. बरीच शोधाशोध केल्यावर एखादा ठिपका.

त्या दुपारी मी जिन्यावर डबा उघडला आणि तसाच बंद केला. पेशी दोन होताना गुणसूत्रांची नवी प्रत करायला काही जीवनसत्त्वं लागतात. ती पालेभाजीतून येतात, डाळीतून येतात, मासळीतून, दुधातून. ती कमी पडली की प्रत कच्ची निघते आणि तुटते. जीभ सोलवटते, बोटांना मुंग्या येतात. हे मी परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं, मार्कही मिळाले होते. आम्ही रक्त देणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, खर्रा खाता का, दारू पिता का, गोळी खाता का. जेवता का, हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

पुढचं आधीच सांगून टाकते. तो अहवाल गेला नाही. मॅडमनी डॉक्टरांना स्वतः फोन केला आणि सांगितलं की आपलं रक्त बाद आहे, तपासणी पुन्हा करावी लागेल. डॉक्टर बरेच बोलले. मॅडम शेवटी एवढंच म्हणाल्या, "दिसलं ते सांगून राह्यलो, साहेब." दुसऱ्या फेरीला सिस्टरचं रक्त होतं, आणि माझं. सुई लागताना मी डोळे मिटले, गजूभाऊ शेजारी उभं राहून मला धीर देताना स्वतःच घामाघूम झाले. या वेळी फरक स्पष्ट दिसला. पदार्थाचं प्रमाण वाढलं की तुकडे वाढत होते. डॉक्टरांनी तो मसाला थांबवला. जिवतीच्या मुलांचे दात जुन्याच मसाल्याने भरले गेले, हळूहळू, पैसे जमतील तसे. मॅडम त्या मुलीला सांगायला गेल्या. मी बरोबर होते. तिला आपला प्रश्न आठवतही नव्हता. मॅडमनी तरी सगळं नीट सांगितलं, आणि ती तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली.

मॅडमना जीवनसत्त्वाची इंजेक्शनं घ्यावी लागली, बरेच महिने. पुढे त्यांनी गडचिरोलीच्या कॉलेजात बदली मागून घेतली. तिथे मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी असते आणि मेसमध्ये जेवावं लागतं. स्वयंपाक त्या अजून शिकलेल्या नाहीत. मी मागच्या वर्षी भेटायला गेले तेव्हा त्या लांब टेबलाच्या मध्यावर बसल्या होत्या, दोन्हीकडे मुली, आणि वरणात मीठ कमी आहे म्हणून सगळ्यांसमोर भांडत होत्या. मला त्यांनी पाहिलं नाही. मी दारातच जरा वेळ उभी राहिले.

पण मला मॅडम आठवतात त्या, मी डबा तसाच बंद केला त्याच्या दुसऱ्या दुपारच्याच.

गजूभाऊ झाडाखाली गेले होते. एसीचा आवाज येत होता. मॅडम म्हणाल्या, "तू जेव, मी जेवून आलो." मी गेले नाही. दोन काचांवर पट्ट्या चिकटवल्या, पहिली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बाजूला सरकले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी हाताने स्टूल दाखवलं.

"आज माही परीक्षा का?" असं म्हणत त्या बसल्या.

पहिली काच त्यांनी बराच वेळ पाहिली. "चांगली हाय. मस्त पेशी हायत. खातंपितं मानूस हाय हे."

मी दुसरी ठेवली. त्यांनी एक जागा पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. त्यांचा आवाज बदलला.

"ह्याच्यात काय टाकलं होतं?"

मी मान हलवली.

"काईच नाई?" त्यांनी पुन्हा नळीला डोळा लावला. "मंग हे मानूस बरं नाई, पोरी. कोन हाय? खर्रेवाला हाय का कोनी? त्याले सांगा लागन, दवाखान्यात जा म्हनून. काऊन सांगितलं नाई त्याले अजून?"

मी पहिल्या काचेवरची पट्टी काढली. मग दुसरीवरची. दोन्हींवर त्यांच्याच हाताने पेन्सिलीने लिहिलेलं एकच अक्षर होतं, खोब्रागडेंचा ख. फक्त वर्षं वेगळी.

मॅडमनी त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं. मग एकेक करून त्यांनी सगळं विचारलं, जसं त्या नेहमी विचारायच्या.

"पानी खराब असन."

"सिस्टरच्या पेशी चांगल्या आहेत."

"पेटी?"

"तीच."

"तू मोजन्यात चुकली असशीन."

त्यांनी स्वतःच दुसरी काच पुन्हा खाली ठेवली, पाहिली, आणि मान उचलली. डोळ्यांभोवती नळीचं वर्तुळ उमटलं होतं. त्या क्षणी त्या मला फार लहान दिसल्या, कोटात हरवलेल्या.

"मंग काय?" त्या म्हणाल्या. "बोल ना वं. तुले काय वाटते?" आणि लगेच हात वर केला, सवयीने. "नाई. वाटलं ते नोको. दिसलं ते सांग."

माझ्या तोंडात आधी इंग्रजी आलं, ते मी गिळलं. मग मराठी.

"तुम्ही जेवत नाही, मॅडम," मी म्हणाले. "आणि मी रोज जिन्यावर एकटी जेवते."